मनगटाखालचं काम

१२ नोव्हेंबर

चि. सौ. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा तो दरोड्याचा सिनेमा पाहिला. तूही याच आठवड्यात पाहणार होतीस, म्हणजे तुझं पाकीट वाटेत असेल. नियम तोच. दोघांनी आपापल्या गावी एकच सिनेमा पाहायचा, उत्तम काम कुणाचं ते ठरवून एकालाच कौल द्यायचा, आणि दुसऱ्याचं पत्र फोडण्याआधी आपलं टपालात टाकायचं. दिलेला कौल बदलता येत नाही. तुझ्या लग्नापासून सव्वीस वर्षं हे सरळ चाललंय. मागच्या खेपेला मात्र तू माझं पत्र आधी वाचलंस असा मला संशय आहे. कौलाच्या ओळीची शाई वेगळी होती.

पाच जण मिळून बँकेची तिजोरी फोडतात आणि नंतर एकमेकांना. म्होरक्या फार बोलतो. इतकं बोलणारा माणूस चोर नसतो, तो एखाद्या मंडळाचा चिटणीस असतो. फौजदार चष्मा काढतो आणि घालतो. त्याला तेवढंच शिकवलेलं दिसतं. गाडी चालवणारा बरा आहे, पण त्याला गाडीची मदत आहे. घरमालकीण आहे, ती भांडी पुसते. बँकेचा पहारेकरी खुर्चीत झोपलेला दाखवलाय. झोपायचं काम कोणीही करील.

माझा कौल तिजोरी उघडणाऱ्याला. सगळ्याला नाही. चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा आहे. बायको सोडून गेली हे कळल्यावरही तो बटाटाच राहतो. पण मनगटाच्या खाली हा मनुष्य फार मोठा नट आहे. सिनेमातली कुलपं पाहून मी आजवर हसत आलोय हे तुला ठाऊक आहे. या वेळी हसलो नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी मला बरं वाटत नाही का असं विचारलं.

एक खोट आहे. हा मनुष्य जेवतो उजव्या हाताने, सही करतो उजव्या हाताने, आणि तिजोरीपुढे डावखुरा होतो.

कुलपावर डावा हात पाहिला की मला कोण आठवतं ते तुला सांगायला नको. त्याच्याविषयी माझं मत बदललेलं नाही. समोरच्या घड्याळजीची तिजोरी भर दुपारी कोणी तरी उघडली, नेलं काही नाही, पण चावीच्या भोकाच्या डाव्या अंगाला चरा सोडला. आपल्या दुकानात डावखुरा एकच होता. शिवाय त्याच आठवड्यात तो म्हणाला होता की या रस्त्यावरची कुठलीही तिजोरी मी उघडीन. कुलूपवाल्याने गिऱ्हाइकाची तिजोरी गंमत म्हणून उघडायची नसते. मी धाकट्याला, सख्ख्या भावाला, जा म्हटलं आणि तो गेला. मार्चमध्ये अकरा वर्षं होतील. हा विषय इथे आणायचा नव्हता. हातांवरून आला.

मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे आहे, तो टिकव.

तुझा,
दादा

*

१३ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

काल कोर्ट लवकर सुटलं म्हणून आम्ही दोघं थेट सिनेमाला गेलो. ह्यांच्या हातात भाजीची पिशवी होती. ती सगळा वेळ मांडीवर होती आणि गोळीबाराच्या वेळी खाली पडली. पुढचा अर्धा तास हे अंधारात कांदे शोधत होते, त्यामुळे त्यांच्या मताला फार वजन देऊ नकोस. त्यांचा कौल गाडी चालवणाऱ्याला आहे.

माझा घरमालकिणीला. तू हसशील. फौजदार तिला विचारतो, खोलीत किती जण राहत होते. तिच्या हातात ताटली असते. ती ताटली पूर्ण पुसते, उलटी करून मागची बाजू पुसते, फळीवर ठेवते, आणि मग सांगते की चार. होते पाच. पाचवा तिला रोज पाणी भरून द्यायचा, एवढंच आपल्याला आधी दाखवलेलं असतं.

बावीस वर्षं मी कोर्टात साक्षी उतरवून घेतेय. खोटा साक्षीदार प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. खराही बहुतेक तसंच करतो. थांबतो तो, ज्याला कोणाला तरी वाचवायचं असतं. त्या थांबण्यासाठी लघुलेखनात खूण नाही. आम्ही ते कोरं सोडतो. या बाईने ते कोरं बरोबर सोडलंय. तिच्या वाट्याला साऱ्या सिनेमात नऊ वाक्यं आहेत, मी मोजली.

म्होरक्याला दोन दात कमी असते तर तो मला पटला असता. फौजदाराचा चष्मा नव्या काचांचा आहे आणि त्यांत दिवे दिसतात. बाकी सिनेमा ठीक. शेवट ओढलेला आहे.

तुझा खोकला कसा आहे ते तू लिहीत नाहीस. दुकानात कानशीचा भुगा उडतो, तोंडाला फडकं बांधत जा. मी सांगितलं म्हणून तू बांधणार नाहीस, पण मी सांगितलं याची नोंद राहू दे.

धाकटी म्हणून जो लोभ करतोस तो चालू ठेव.

तुझी,
ठकी

*

१९ नोव्हेंबर

चि. सौ. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ताटली पुसणं हा अभिनय असेल तर आपली आई साऱ्या जगात गाजायला हवी होती.

कांदे सापडले का ते लिहिलं नाहीस.

आता मुद्दा. तू चार पानं लिहिलीस. म्होरक्याचे दात, फौजदाराच्या काचा, मालकिणीची नऊ वाक्यं. तिजोरी उघडण्याचा प्रसंग आठ मिनिटांचा आहे आणि त्याबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. अप्पांसारख्या कुलूपवाल्याची मुलगी तू. सायकलची साखळी पडली तरी त्यावर मत देतेस. एवढं कोरं तू का सोडलंस हे मला कळेना, म्हणून मी सिनेमाला पुन्हा गेलो.

या वेळी फक्त हात पाहिले. त्या प्रसंगात हातांबरोबर चेहरा एकदाही दिसत नाही. तो कुलूप उघडायचा तारेचा आकडा उजव्या बाहीवर पुसतो, दोनदा. भोकात एकदा फुंकर मारतो. मग आकडा आत घालतो आणि कुलपाकडे पाहत नाही. निदान हात तरी तसे आहेत. पाहणाऱ्याचे हात खाली वाकतात, हे वाकत नाहीत. अप्पा सांगायचे की कुलूप डोळ्यांनी उघडत नाही, भिंतीकडे बघा. बाहीवर दोनदा आणि एकच फुंकर, हे त्यांनी बसवलेलं. दुसऱ्या कुठल्या दुकानात हे करत नाहीत. मी तीन दुकानांत बसून पाहिलंय. असं काम करणारी तीनच माणसं होती. एक वारले. एक मी.

म्हणून सरळ विचारतो. हे हात कोणाचे, आणि तो कुठे असतो हे तुला ठाऊक आहे का?

खोकला आहे. फडकं बांधलेलं नाही.

लोभाबद्दल तुझं उत्तर आल्यावर लिहीन.

दादा

*

२४ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

शाई त्या दिवशी संपली होती. कांदे सापडले, एक सोडून.

हात त्याचेच आहेत. कुठे असतो तेही मला ठाऊक आहे. अकरा वर्षं ठाऊक आहे. तू विचारलं नाहीस. जाताना तो माझ्याकडून एवढंच कबूल करून घेऊन गेला होता की दादाने विचारल्याशिवाय सांगायचं नाही. त्याला वाटलं होतं तू महिन्याभरात विचारशील. मी तर आठवड्याभरात विचारशील यावर ह्यांच्याशी पैज लावली होती आणि हरले.

तो वर्षातून दोनदा येतो. जेवतो, एखादी कडी किंवा बिजागरी दुरुस्त करतो आणि जातो. आमच्या घरात आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. मागच्या खेपेला ह्यांनी मुद्दाम एक खिडकी बिघडवून ठेवली होती. सिनेमासाठी लागणाऱ्या वस्तू बनवतात अशा एका कारखान्यात तो आहे. दारं, कुलपं, तुरुंगाचे गज असं काय काय बनवतो. तुरुंग म्हणे वर्षाला चार लागतात.

तू आतापर्यंत मला शिव्या घालायला सुरुवात केली असशील, तर त्या पूर्ण कर आणि मग पुढे वाच.

घड्याळजीच्या तिजोरीबद्दल मी त्याला तीनदा विचारलं. उघडली होतीस का, एवढाच प्रश्न. तिन्ही वेळा त्याने बिजागरीला तेल घातलं. नाही म्हणाला नाही आणि हो म्हणाला नाही. कोर्टात असा साक्षीदार आला की न्यायाधीश चिडतात. मी चिडत नाही, मला त्याचं थांबणं ओळखीचं झालंय. मी तुला मालकिणीबद्दल का लिहिलं ते आता तुझं तू समज. ती मला खरंच आवडली, तोही भाग आहे.

आता माझा प्रश्न. तुला तो कशासाठी हवाय? परत बोलवायला, की तो चरा माझाच असं त्याच्याकडून वदवून घ्यायला? पत्ता मी देणार नाही. त्याला लिहायचं असेल तर पत्र इकडे पाठव, मी पुढे धाडीन. वाचून धाडीन. त्यात झालं गेलं विसरून जाऊ असं वाक्य असलं तर धाडणार नाही. मोठ्या मनाचाही उल्लेख नको.

तुझ्या हातांच्या कौलाला ह्यांची हरकत आहे. ते म्हणतात, सिनेमाच्या नावांच्या पाटीवर ज्याचं नाव नाही त्याला कौल देता येत नाही. मी म्हटलं, नियमात तसं लिहिलेलं नाही. नियम लिहिलेलेच नाहीत, असं ते म्हणाले.

रागावलास तरी लोभ वेगळ्या खणात ठेव.

तुझी,
ठकी

*

२ डिसेंबर

चि. सौ. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शिव्या पूर्ण केल्या. त्या पत्रात लिहीत नाही.

मी सिनेमा आणखी तीनदा पाहिला. तिकीटवाल्याने विचारलं की एवढी कोण आवडली. त्यात नायिकाच नाही, असं मी सांगितलं तर तो जास्तच बघायला लागला. आता तो न मागता पुढच्या रांगेचं तिकीट देतो.

पुढच्या रांगेतून करंगळी दिसते.

आकडा डाव्या हातात असतो आणि त्या हाताची करंगळी भोकाच्या बाजूला, आकडा आणि पत्रा यांच्या मधे, गादीसारखी असते. आठही मिनिटं असते. हे अप्पांनी त्याला लहानपणी लावलेलं वळण. डावखुऱ्याचं हत्यार निसटतं, पत्र्याला चरा पडतो, म्हणून करंगळी मधे ठेव. मला सांगावं लागलं नाही, कारण मी उजवा. पंधरा वर्षं तो माझ्या शेजारच्या मोढ्यावर बसून काम करत होता आणि मी त्याची करंगळी पाहिली नव्हती. ती भिंतीएवढी करून दाखवावी लागली.

या करंगळीने चरा पडत नाही. पडला तर करंगळीवर पडेल.

दुसऱ्या दिवशी मी समोर गेलो. घड्याळजी थकलाय, पण तिजोरी तीच आहे. मी म्हटलं, बघू दे. तो म्हणाला, अकरा वर्षांनी तुला काय बघायचंय. मी भिंग लावून पाहिलं. चरा एक नाही, तीन आहेत. एकाच जागी, एकमेकांना लागून, आणि तिन्ही थरथरलेले. त्या दिवशी मी भिंग नेलं नव्हतं. डाव्या अंगाला आहे एवढं पाहिलं आणि दुकानात परतलो, कारण मला निकाल माहीत होता.

त्या हिवाळ्यात अप्पा चहा डाव्या हाताने घ्यायला लागले होते. सदऱ्याची वरची गुंडी लावत नसत. दाढीला एका बाजूला खुंट राहायचे. मी म्हणायचो, म्हातारपणी माणूस हट्टी होतो. उजवा हात गेला होता, ठकी. त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि आपण कोणी विचारलं नाही. न विचारण्यात मी या घरात पहिला आहे असं दिसतं.

ती तिजोरी अप्पांनी स्वतः बनवलेली. घड्याळजी दुपारी मागच्या खोलीत जेवायला बसतो, पुढचं दार नुसतं लोटलेलं असतं. ते रस्ता ओलांडून गेले असतील. डाव्या हाताने अजून येतं का, ते बघायला. आलं. पण दार जड आहे, ते पुन्हा लावता आलं नाही. घड्याळजीला ते दोन बोटं उघडं सापडलं. काही नेलं नव्हतं, कारण काही हवं नव्हतं.

मी धाकट्यावर ओरडत होतो तेव्हा अप्पा दुकानातच होते. शेगड्याच्या पकडीत चावी आवळून कानस मारत होते. मान वर केली नाही. तो गेल्यावरही तासभर मारत होते. ती चावी माझ्या खणात आहे. ती कुठल्याही कुलपाची नाही. गिऱ्हाइकाची असेल आणि येईल कोणी मागायला, म्हणून मी ती ठेवून दिली होती.

अप्पांना दोष देत नाही. ते पुढे दोनच वर्षं राहिले आणि त्या दोन वर्षांत त्यांनी धाकट्याचं नाव काढलं नाही. मला वाटायचं ते माझ्या बाजूने आहेत.

त्या दुपारी दुकानात आम्ही तिघं होतो. मी फौजदार होतो, चष्म्यासकट, आणि माझं काम सगळ्यांत वाईट झालं. उत्तम कोणाचं झालं ते मला आता कळलंय. ज्याला सगळं ठाऊक होतं आणि जो बाकीच्या दोघांकडे न बघता चप्पल घालून निघून गेला, त्याचं. त्या वेळी मी त्याला मठ्ठ म्हणालो होतो.

हे पत्र त्याला पाठव. वेगळं लिहायला चार वेळा बसलो. चूक माझी आहे, एवढंच वाक्य होतं आणि पुढचं सुचत नाही. त्याने परत यावं. मोढा तिथेच आहे, त्यावर कोणी बसत नाही. मोठ्या मनाचा उल्लेख नाही, तपासून घे.

मेहुण्यांना सांग, पाटीवर नाव नसलं तरी कौल राहील.

लोभ मागण्याची माझी पायरी नाही. तुझ्याकडचा असू दे.

तुझा,
दादा

*

९ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

ताईने तुझं पत्र पाठवलं. सोबत मेहुण्यांची चिठ्ठी होती की खिडकी पुन्हा अडकतेय.

आधी सिनेमाचं, कारण तुम्ही दोघांनी मला यात कधी घेतलं नाहीत. लहान आहे म्हणायचात. आता चाळिशी उलटली, तेव्हा माझा कौल पहारेकऱ्याला. झोपायचं काम कोणीही करील असं तू ताईला लिहिलंस म्हणे. तो खरंच झोपला होता. दिवसभर खुर्चीत बसवून ठेवला होता त्याला. दिग्दर्शक म्हणाले, कोणी उठवू नका, आणि सगळे चवड्यांवर चालत होते. जागं होऊन तो म्हणाला की माझा प्रसंग कधी आहे. त्याला अजून खरं वाटत नाही.

बटाटा म्हणतोस तो भला माणूस आहे. चार दिवस माझ्याजवळ बसून डाव्या हाताने सराव करत होता, मग बोट कापून घेतलं. म्हणून माझे हात घेतले. बाकी सगळं उजव्या हाताने झालं होतं हे शेवटी कोणाच्या तरी लक्षात आलं. दिग्दर्शक म्हणाले, राहू द्या, कोणी बघत नाही. मी म्हटलं, एक जण बघेल. त्यांना वाटलं मी त्यांच्याबद्दल बोलतोय.

आता तुझा पुरावा. तो टिकत नाही, दादा. तिजोरी लाकडाची होती. मीच बनवली, वरून पत्र्यासारखा रंग. भोक होतं, आत कुलूप नव्हतं. आकडा पोकळीत फिरत होता. निसटायला काही नव्हतंच, त्यामुळे चरा पडला नाही यात नवल नाही. करंगळी का ठेवली ते मला सांगता येणार नाही. तू लिहिलंस तेव्हा कळलं की ठेवली होती.

अप्पांचं तू बरोबर ओळखलंस. मी त्यांना रस्ता ओलांडून येताना पाहिलं होतं. उजवा हात खिशात होता आणि चेहरा असा होता की तसा मी आधी पाहिला नव्हता. फार खूश होते. दहा मिनिटांनी घड्याळजी आला आणि तू भोकाकडे बघून आलास. मी बोललो असतो तर सगळ्या रस्त्याला कळलं असतं की त्यांचा हात गेला. तू ओरडून दमशील आणि संध्याकाळी मी तुला बाजूला घेऊन सांगीन, असं मी ठरवलं होतं. तू जा म्हटलंस. मग वाटलं, महिन्याभरात विचारशील. माझी पैज नव्हती, नाहीतर मीही हरलो असतो.

मठ्ठ नाही म्हणाला होतास, दगड म्हणाला होतास. मठ्ठ आदल्या दिवशी.

ती खणातली चावी टाकू नकोस. मला दाखव. अप्पा उगाच तासभर कानस मारणाऱ्यांपैकी नव्हते, आणि ती कशाची आहे याबद्दल मला एक शंका आहे. मी गेलो तेव्हा मोढ्याखालची माझ्या हत्यारांची पेटी बंद होती आणि तिची चावी माझ्याच खिशात राहिली होती. तू ती पेटी कधी उघडली नसशील. मी तुला ओळखतो. ती चावी त्या पेटीला लावून बघू.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. आणायला येऊ नकोस, खोकला आहे. दारात उभाही राहू नकोस. रविवार आहे, दुकानाला नेहमीसारखं कुलूप लाव आणि घरी चहा टाक. माझा मी आत जाऊन मोढ्यावर बसेन.

कुलपावर चरा दिसला तर मग बोल.

तुझा,
धाकटा